पोल्यासरांचा तास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, की ‘आम्हाला घडवणारी माणसं’ या विभागासाठी प्रत्येकाने एका शिक्षकाविषयी लिहावं. मी लगोलग आपल्या गणिताच्या बाईंचं नाव कळवलं. उत्तर आलं, बाईंवर आधीच सहा लेख आले आहेत. मराठीच्या सरांचं नाव कळवलं, तर त्यांच्यावर पाच. शेवटी मीच सुचवलं, की आपल्यापैकी कुणीही न पाहिलेल्या एका मास्तरांवर लिहिते. ते आपल्या शाळेत कधी आले नाहीत. १९८५ साली ते वारले, तेव्हा आपण बालवाडीत बसून डबा सांडत होतो. मंडळाने परवानगी दिली, पण एक अट घातली: फार गणित नको. अट पाळायचा प्रयत्न केला आहे. एक-दोन ठिकाणी मोडली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

त्यांचं नाव जॉर्ज पोल्या. ते मूळचे हंगेरीचे. तिकडचा उच्चार ‘पोया’च्या जवळ जातो, पण अमेरिकेत सगळे पोल्याच म्हणतात. मी त्यांना मनातल्या मनात पोल्यासर म्हणते. आपल्याकडे शिकवणाऱ्याला नुसतं नावाने हाक मारायची सवय नाही.

त्यांची माझी गाठ पडली ती अशी. इथे कॅलिफोर्नियात आमच्या घराजवळ एक कम्युनिटी कॉलेज आहे. दोन वर्षांचं, कमी फीचं, कुणालाही प्रवेश देणारं. दिवसा नोकरी करणारे, घरी लहान मुलं असलेले, वयाच्या तिशीत पुन्हा शिकायला आलेले असे लोक तिथे येतात आणि दोन वर्षांनंतर मोठ्या विद्यापीठात जातात. अमेरिकेत प्राथमिक शाळेत शिकवायला जाणारे पुष्कळ जण गणित-विज्ञानाचे तास अशाच कॉलेजात करून घेतात. कित्येकांचे ते शेवटचेच तास असतात. गेली तीन वर्षं मी तिथे शनिवारी सकाळी गणितात मदत करायला बसते. कंपनीत दिवसभर कोड बघून डोळे शिणतात. माणसांचे चेहरे बघायला मिळावेत एवढाच सुरुवातीला हेतू होता.

एका शनिवारी एक बाई पुस्तक घेऊन समोर बसल्या. त्या मेक्सिकोहून आलेल्या, पाळणाघरात काम करणाऱ्या आणि प्राथमिक शिक्षिका व्हायचं म्हणून धडपडणाऱ्या. प्रश्न अपूर्णांकांच्या भागाकाराचा होता: तीन भागिले तीन चतुर्थांश. मी म्हटलं सोपं आहे, दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. त्या म्हणाल्या, ते येतं मला. उलटा का करायचा, ते सांगा. दोन वर्षांनी वर्गातलं एखादं पोर मला हेच विचारणार.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दहावीला गणितात १५० पैकी १४६, इंजिनिअरिंगची पदवी, वीस-बावीस वर्षांची नोकरी, आणि चौथी-पाचवीतल्या पोराच्या ‘का’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण उलटा करत आलो, कारण तसं करायचं असतं. प्रमेयं मी तोंडपाठ केली होती आणि रायडर आला की तो ऑप्शनला टाकत होते. (बाई, हे तुम्हाला ठाऊक होतं असा माझा दाट संशय आहे.) पुढच्या शनिवारी सांगते, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

जाताना त्यांचं पुस्तक चाळलं. होणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठीचं ते गणित होतं. पहिल्याच धड्यात पोल्या नावाच्या माणसाच्या चार पायऱ्या छापल्या होत्या: प्रश्न समजून घ्या, बेत ठरवा, बेत अमलात आणा, मागे वळून पाहा. नंतर कळलं, की या विषयाच्या पुष्कळ अमेरिकन पुस्तकांची सुरुवात याच चार पायऱ्यांनी होते. म्हणजे अमेरिकेत गणित शिकवायला निघालेला माणूस बहुधा आधी पोल्यासरांना नमस्कार करून पुढे जातो. त्या रात्री त्यांच्याबद्दल वाचायला बसले, ते पुढे कित्येक महिने वाचतच राहिले.

पोल्या १३ डिसेंबर १८८७ रोजी बुडापेस्टमध्ये जन्मले. वडील वकील आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक, ॲडम स्मिथचा मोठा ग्रंथ त्यांनी हंगेरियनमध्ये आणला होता. पोल्या नऊ-दहा वर्षांचे असतानाच वडील गेले आणि घराचा भार थोरल्या भावावर आला. येनो त्याचं नाव. तो पुढे नामांकित सर्जन झाला आणि धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च त्याने उचलला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात हाच भाऊ बुडापेस्टमध्ये मारला गेला.

शाळेत पोल्यांना गणित आवडत नव्हतं. त्यांचा ओढा जीवशास्त्राकडे आणि साहित्याकडे. पुढे म्हातारपणी त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं, की शाळेतल्या तीन गणित शिक्षकांपैकी दोन अगदीच वाईट होते आणि एकच बरा होता. हंगेरीत तेव्हा शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी एक नावाजलेली गणित स्पर्धा असायची. पोल्या तिला बसले, पण पेपर न देताच उठून आले. एवढ्या मोठ्या गणितज्ञाच्या चरित्रात हा प्रसंग वाचून मला फार बरं वाटलं. का, ते आपल्यातल्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेल्यांना सांगायला नको.

आईच्या इच्छेखातर ते कायदा शिकायला गेले आणि एका सत्रात कंटाळले. मग दोन वर्षं भाषा आणि साहित्य. लॅटिन आणि हंगेरियन शिकवण्याचा परवाना मिळाला, तो कधीच वापरला नाही. मग तत्त्वज्ञान. तिथल्या प्राध्यापकांनी सल्ला दिला, की तत्त्वज्ञान नीट कळायचं तर पदार्थविज्ञान आणि गणित करून ये. हे महाशय गेले आणि परत आलेच नाहीत. ते गमतीने म्हणत, की पदार्थविज्ञानाला आपण कमी पडलो असतो आणि तत्त्वज्ञानासाठी जरा जास्त होतो, म्हणून मधलं गणित घेतलं. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी पोराला ‘लाइन’ ठरवायला लावतात. पोल्यांची लाइन ठरेपर्यंत तीन-चार वेळा बदलली.

तरुणपणी पैशांसाठी त्यांनी एका बड्या घरच्या मुलाची शिकवणी धरली होती. मुलगा काही मठ्ठ नव्हता, पण प्रश्न समोर आला की सुरुवात कुठून करायची हेच त्याला सुचत नसे. पोल्या तासन् तास विचार करत बसले: याला उत्तर न सांगता, उत्तराकडे जायची वाट कशी दाखवायची? पुढच्या सगळ्या कामाचं बी या शिकवणीत पडलं असं मला वाटतं.

१९१२ साली त्यांनी डॉक्टरेट केली आणि जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. तेव्हा गणिताची ती पंढरीच होती. तिथे त्यांची चांगली सोय लागलीही असती, पण १९१३ च्या नाताळात आगगाडीत टोपली पडण्यावरून एका तरुणाशी त्यांची बाचाबाची झाली आणि पोल्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. तो निघाला त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी आणि वर बड्या सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा. पोल्यांना ग्योटिंगेन सोडावं लागलं. हा प्रसंग वाचून माझ्या मुलाने त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आस्था दाखवली.

१९१४ पासून ते झुरिकला शिकवू लागले आणि तिथे पंचवीसहून अधिक वर्षं राहिले. पहिलं महायुद्ध पेटलं. सुरुवातीला फुटबॉल खेळताना झालेल्या पायाच्या दुखापतीमुळे सैन्याने त्यांना घेतलं नाही. पुढे बोलावणं आलं तेव्हा त्यांनी जायला नकार दिला. म्हणजे मायदेशी परतायची वाट बंद. ते स्विस नागरिक झाले आणि १९१८ मध्ये स्टेला वेबर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. हा संसार सदुसष्ट वर्षं टिकला.

झुरिकमधल्या त्यांच्या संशोधनाबद्दल लिहायला माझी लायकी नाही. एकच गोष्ट सांगते, कारण आमच्या धंद्यात ती रोज उपयोगी पडते. ते रानात फिरायला जात. एकदा एक विद्यार्थी आपल्या वाग्दत्त वधूबरोबर तिथेच फिरत होता आणि त्या दोघांशी पोल्यांची वाटेत पुन्हा पुन्हा गाठ पडू लागली. मुद्दाम पाळत ठेवतोय असं त्यांना वाटेल, या विचाराने पोल्या ओशाळले. घरी येऊन त्यांनी विचार केला, की वाट्टेल तसं भटकणारी माणसं पुन्हा भेटण्याची शक्यता किती? १९२१ साली त्यांनी सिद्ध केलं, की चौकोनी गल्ल्यांच्या अमर्याद शहरात कुणी प्रत्येक नाक्यावर नाणं उडवावं तसं वळत भटकत राहिला, तर तो कधी ना कधी निघाल्या जागी परत येतोच. पण वर-खालीही जाता येत असेल, म्हणजे तीन मित्या असतील, तर परत येण्याची शक्यता साधारण ३४ टक्केच उरते. गल्लीत हरवलेला घरी येतो, आकाशात हरवलेल्याची खात्री नाही.

त्याच सुमारास ते इंग्लंडला हार्डींकडे गेले. हे आपल्या रामानुजन यांचे हार्डी. रामानुजन यांच्या वह्यांची प्रत पोल्यांनी त्यांच्याकडून वाचायला नेली आणि थोड्याच दिवसांत घाईघाईने परत आणून दिली. त्यातली सूत्रं सिद्ध करत बसलो तर सगळा जन्म त्यातच जाईल आणि स्वतःचं काही शोधायचं राहून जाईल, अशी त्यांना धास्ती वाटली. आणि झुरिकच्या वर्गात त्यांच्यासमोर जॉन फॉन नॉयमन बसत असे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात जो संगणक आहे, त्याच्या रचनेशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तोच हा. पोल्यांनी एकदा वर्गात एक प्रमेय मांडलं आणि हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, अवघड असावं, असं सांगितलं. पाच मिनिटांनी नॉयमनने हात वर केला आणि फळ्यावर जाऊन सिद्धता लिहिली. तेव्हापासून आपण त्याला घाबरून असायचो, असं पोल्या मोकळेपणाने सांगत. विद्यार्थ्याला घाबरतो असं कबूल करणारा प्राध्यापक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

१९४० मध्ये युरोपात राहणं धोक्याचं झालं तेव्हा पोल्या पती-पत्नी अमेरिकेला गेले. वय त्रेपन्नच्या घरात. दोन वर्षं इकडेतिकडे काढून १९४२ मध्ये ते स्टॅनफर्डला स्थिरावले. सामानात एका पुस्तकाचा जर्मन मसुदा होता. इंग्रजीत करून ते छापायला चार प्रकाशक गाठावे लागले, तेव्हा कुठे १९४५ साली ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ बाहेर आलं. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्यातला पहिलाच मोठा दाखला सांगते. अट इथे मोडते आहे. मास्तर विचारतात, लांबी, रुंदी आणि उंची दिलेल्या खोक्याचा कर्ण किती? मुलं गप्प. मास्तर म्हणतात, आपला वर्गच खोका समजा. आपली आठवीची खोली डोळ्यांसमोर आणा. दाराजवळच्या खालच्या कोपऱ्यातून, समोरच्या भिंतीच्या त्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, जिथून पावसाळ्यात गळायचं, तिथवर सुतळी ताणायची. किती लागेल? तरीही मुलं गप्प. मास्तर विचारतात, काढायचं काय आहे? अशीच लांबी काढायची असलेलं दुसरं एखादं गणित पूर्वी केलंय का? त्रिकोणाचं केलंय. मग इथे त्रिकोण कुठे दिसतो का? नसला तर आणता येईल का? आणि कुणाच्या तरी लक्षात येतं, की फरशीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली की काम झालं. पायथागोरस दोनदा लावायचा. मास्तरांनी उत्तर तर सोडाच, पायथागोरसचं नावही घेतलेलं नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न असे, की उद्या दुसऱ्या गणितापुढे एकटं बसल्यावर मूल तेच स्वतःला विचारू शकेल.

आमच्या टीममध्ये नवीन पोरं येतात, हुशार असतात, पण बग दिसला की आधी कीबोर्डवर बोटं. काय बिघडलंय ते समजून घ्यायच्या आत तीन फाइली बदललेल्या असतात. त्यांना मी हल्ली पोल्यांच्या पहिल्या पायरीवर पंधरा मिनिटं बसवून ठेवते. माझ्या पाठीमागे ती मला मास्तरीणबाई म्हणतात असं ऐकलंय.

पण हे पुस्तक मोठं असलं तरी मला पोल्यासरांचं खरं काम त्यानंतरचं वाटतं. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले. नामवंत गणितज्ञ निवृत्तीनंतर काय करतो? मानसन्मान, व्याख्यानं, आठवणी. पोल्या शाळेतल्या मास्तरांना शिकवायला बसले.

कारण त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवलं होतं. अमेरिकेतल्या एका अहवालात म्हटलं होतं, की होणारे शिक्षक लहानपणी शाळेत गणिताचा तिटकारा शिकतात, पुढे तेवढ्यापुरतं टाळत टाळत पास होतात आणि मग त्याच शाळेत परत येऊन पुढच्या पिढीला तिटकारा शिकवतात. हे चक्र मोडायचं तर नुसत्या मुलांना शिकवून भागणार नव्हतं.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने माध्यमिक शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर त्यांना पैसाही भरपूर मिळू लागला. स्टॅनफर्डच्या अशा वर्गांतून पोल्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. त्यांचं रोखठोक निदान असं, की शिक्षक होणाऱ्याला गणित विभाग जे उच्च गणित शिकवतो ते त्याच्या वर्गात कधी उपयोगी पडत नाही, आणि शिक्षणशास्त्राचे लोक शिकवण्याच्या पद्धती शिकवतात पण त्यांना गणित येत नाही. दोन्हींच्या मध्ये शिक्षक कोरडा राहतो. प्रश्न सोडवणं हे पोहण्यासारखं आहे असं ते म्हणत. मला आपल्या गावची विहीर आठवली. पाठीला डबा बांधून ज्याने स्वतः कधी गटांगळी खाल्ली नाही, त्याने काठावर उभं राहून हात कसे मारायचे ते सांगितलं, तर कोण ऐकेल? तशी ज्या शिक्षकाने एकदाही स्वतःहून काही शोधलेलं नाही, तो शोधायला कसं शिकवणार?

म्हणून त्यांच्या वर्गात शिक्षकांना गणितं सोडवायला लागत. शाळेतल्यापेक्षा फार जास्त ज्ञान न लागणारी, पण कुठल्याही गाइडात उत्तर न सापडणारी. मग छोट्या छोट्या तुकड्या करत. प्रत्येकाकडे वेगळं गणित. ते त्याने आधी स्वतः सोडवायचं, मग तुकडीपुढे मास्तर व्हायचं आणि बाकीच्यांनी विद्यार्थी. उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारत तिथवर न्यायचं. शेवटी तुकडीने सांगायचं, कुठे तू घाई केलीस, कुठे सगळंच उघड करून टाकलंस. वीस-वीस वर्षं फळ्यापुढे उभे राहिलेले लोक तिथे पुन्हा बाकावर बसून अडत होते, चिडत होते, आणि मुलांना काय होतं ते अंगावर घेत होते. या वर्गांतून १९६२ आणि १९६५ साली त्यांच्या ‘मॅथेमॅटिकल डिस्कव्हरी’चे दोन खंड तयार झाले. त्यात शिक्षकांसाठी त्यांनी दहा आज्ञा दिल्या आहेत. विषयात तुम्हाला स्वतःला रस असू द्या इथपासून त्या सुरू होतात. मला त्यातल्या दोन फार आवडतात. मुलांचे चेहरे वाचा, ही एक. आणि सगळं गुपित एकदम फोडू नका, आधी त्यांना अंदाज करू द्या, ही दुसरी.

साठीच्या दशकात तिकडे ‘नवं गणित’ आलं, लहान मुलांना संच आणि काटेकोर व्याख्या शिकवायचं. १९६२ मध्ये ६५ गणितज्ञांनी त्यातल्या अतिरेकाविरुद्ध एक निवेदन काढलं, त्यात पोल्या होते. आपणही संच शिकलो होतो. वेन आकृत्यांचे गोल काढायला बांगडी वापरल्याचं मला आठवतंय, पुढे त्यांचं काय करायचं ते नाही आठवत.

त्यांचा वर्ग प्रत्यक्ष कसा असेल ते बघायचं असेल तर साठीच्या दशकात काढलेली एक फिल्म आहे. तिचं नावच मुळी अंदाज करायला शिकवूया अशा अर्थाचं. सत्तरी ओलांडलेले पोल्यासर, जड हंगेरियन वळणाचं इंग्रजी आणि डोळ्यांत मिश्कील भाव. ते विचारतात, अवकाशात पाच सपाट पातळ्या एकमेकींना कशाही छेदू दिल्या तर जास्तीत जास्त किती तुकडे होतील? विद्यार्थी अंदाज सांगतात. सर एकाही अंदाजाला चूक म्हणत नाहीत. सोप्यापासून सुरू करूया म्हणतात. एका पातळीने दोन तुकडे, दोनांनी चार, तिनांनी आठ. आता चौथी? वर्गातून एका सुरात सोळा. मीही इथे स्वयंपाकघरात सोळाच म्हटलं होतं. मग एक मोठा बटाटा घेतला, सुरीने चार काप दिले, तुकडे सुटू नयेत म्हणून रबरबँड लावले आणि मोजले. पंधरा. तीनदा मोजले तरी पंधरा. नवरा म्हणाला, भाजीला चालतील ना?

पोल्यासर थांबलेच नाहीत. १९७८ मध्ये, नव्वदीत असताना, त्यांनी स्टॅनफर्डच्या संगणकशास्त्र विभागात रॉबर्ट टार्जन यांच्याबरोबर मोजणीच्या गणिताचा अख्खा कोर्स शिकवला. टार्जन यांचे अल्गोरिदम आम्ही इंजिनिअरिंगला घोकले होते. त्यांच्याबरोबर फळ्यापाशी हे आजोबा उभे होते, हे कुणीतरी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ७ सप्टेंबर १९८५ रोजी पालो आल्टो इथे, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले.

आता अपूर्णांकाचं सांगते. पुढचा शनिवार यायचा होता आणि मला ‘उलटा का’ येत नव्हतं. नेटवर बीजगणिताने सिद्धता मिळाली, पण ती पाळणाघरातल्या बाईंना सांगून उपयोग नव्हता. मग मी आपल्यातल्याच एकीला फोन लावला. नाव लिहू नको म्हणाली आहे. बारावीला तिला गणितात आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क होते. घरची परिस्थिती अशी, की लवकर नोकरी हवी, म्हणून १९९७ मध्ये ती डी.एड.ला गेली. एसटी स्टँडवर आपण म्हणालो होतो, मार्क वाया गेले. मीही म्हणाले होते, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे.

तिने मला विचारलं, तीन भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला पाऊण भाकरी लागते, तर किती माणसं जेवतील? मी उलटा करून चार म्हणाले. ती म्हणाली, सूत्र बाजूला ठेव, भाकरी मोड. एका भाकरीच्या चतकोर किती? चार. मग तीन भाकऱ्यांच्या? बारा. पाऊण म्हणजे किती चतकोर? तीन. बारा चतकोर तिनातिनाने वाट. मी गप्प बसले. चाराने गुणलं, तिनाने भागलं. ते तीन-चतुर्थांश माझ्या डोळ्यांसमोर आपोआप उलटं झालं होतं. तिने एकदाही नियम सांगितला नाही. तिने पोल्या वाचलेले नाहीत, नावही ऐकलेलं नव्हतं. माझी आजी पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायची. ती मला कधी कळली नव्हती, ती त्या रात्री फोनवर कळली. शनिवारी मी भाकरीच्या जागी टॉर्टिया घातली. बाईंनी वहीत चार गोल काढले, तुकडे केले, एक गोल खोडून तीन ठेवले आणि म्हणाल्या, हे मी मुलांना खाऊ घालूनच शिकवीन.

फोन ठेवताना मी तिची माफी मागितली. स्टँडवरचं ते वाक्य तिला शब्दशः पाठ होतं.

आता आपल्या निधीबद्दल. ग्रुपवर स्मार्ट बोर्डचा प्रस्ताव आहे आणि तो सगळ्यात आधी मीच टाकला होता. तो मी मागे घेत नाही, पण थोडा वळवावा असं माझं म्हणणं आहे. आमच्या या मैत्रिणीला काय हवं ते मी विचारलं. ती म्हणाली, बोर्ड लावा, पण महिन्यातले दोन शनिवार आसपासच्या शाळांतल्या आठ-दहा शिक्षकांना एका खोलीत बसून गणितं सोडवू द्या. अहवाल नको, फोटो नको, वरून कुणी तपासायला नको. चहा आणि येण्याजाण्याचं भाडं द्या. स्टॅनफर्डचं नाव न घेता ती नेमकं तेच मागत होती. दोन वर्षांचा खर्च बोर्डाच्या अर्ध्यानेही होणार नाही, हिशोब मी खजिनदारांकडे पाठवला आहे. मेळाव्याच्या सभेत हा विषय घ्यावा. विरोधात बोलायचं असेल त्यांनी जरूर बोलावं, ग्रुपवर अंगठा दाखवून गप्प बसू नये.

आणि पाच पातळ्यांनी किती तुकडे होतात, ते मी इथे लिहिलेलं नाही. मेळाव्याला जेवणानंतर कलिंगड आहे, असं संयोजकांनी कळवलं आहे. त्यातलं एक न कापता बाजूला ठेवा. सुरी आणि रबरबँड मी आणते.